आमच्या पुण्यातल्या चर्चमधलं एक जोडपं मिशनरी म्हणून केनियाला निघालंय. तिथे त्यांचा दिवस कसा जाईल?

पहिले काही महिने प्रवचनापेक्षा भाषा शिकण्यात आणि घर चालवण्यातच जातील. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि त्यानुसार विशेषण-क्रियापदांची सुरुवात बदलते. आपल्याला सवय शेवट बदलायची, म्हणून इथेच जीभ अडखळते. खेड्यात पिण्याचं पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवायचं (२,००० मीटरच्या वर ३ मिनिटं), रात्री कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी. देणगीदारांना नियमित पत्र आणि हिशेब. कंटाळवाणं काम, पण टाळलं की मदत आटते. नैरोबीत राहणार असतील तर मलेरियाचा धोका बराच कमी. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस मात्र निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायचीच, नाहीतर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं.