दोन नकाशांच्या मध्ये

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

शहराभोवतीच्या हरितपट्ट्याचे, म्हणजे बांधकामापासून राखून ठेवलेल्या मोकळ्या जमिनीचे, तुझे दोन्ही नकाशे पाहिले. जुना हिरवा, नवा करडा, आणि खाली तावातावाने लिहिलेलं वाक्य : 'शहराने हरितपट्टा गिळला.' वाक्य झकास आहे, पण खोड ते. शहर गिळत नाही, कुरतडतं. आणि कुरतडण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

आधी विचार, जमीन कोणाची? लंडनभोवतीचा पट्टा बहुतांशी खासगी जमिनींवर आहे; १९४७ च्या नियोजन कायद्याने बांधकामाला परवानगीची वेसण घातली, तिच्या जोरावर तो टिकला. कॅनडाची राजधानी ओटावात १९५० च्या दशकात केंद्र सरकारने जमिनी सरळ ताब्यात घ्यायला सुरुवात केली. टोकियोने १९५८ च्या आराखड्यात लंडनसारखाच पट्टा आखला. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि १९६५ साली तो बेत गुंडाळला गेला. दक्षिण कोरियात सोलमध्ये १९७१ पासून पट्ट्यातल्या मालकांवर कडक बंधनं आली. भरपाईविना एवढा भार टाकणं काही बाबतींत घटनाबाह्य आहे, असं तिथल्या घटना न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं, आणि पुढे हद्दी सैल झाल्या. चारही नकाशांवर रंग हिरवाच.

दुसरं म्हणजे, हिरवं दिसतं ते शाबूत आहे असं धरू नकोस. मी तरुणपणी इथेच फसलो होतो. आज ना उद्या जमीन विकली जाणार, अशी हवा झाली की शेतकरी विहीर खोल करत नाही, बांध दुरुस्त करत नाही, दहा वर्षांनी फळणारं झाड लावत नाही. शेत पडीक पडतं, झुडपं माजतात, आणि उपग्रहाच्या छायाचित्रात ते आधीपेक्षाही हिरवंगार दिसतं! गोल्फचं मैदानही तिथे हिरवंच. शेती संपून पाच-दहा वर्षं झाल्यावर इमारत उभी राहते. पट्टा गेला कधी, यासाठी तू इमारतीची तारीख धरली आहेस.

आकड्यांचंही तसंच. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २०२२ मध्ये सरकारने पट्ट्यातली सुमारे ७,४०० एकर जमीन बांधकामासाठी वगळली आणि दुसरीकडे ९,४०० एकर जोडली. म्हणजे कागदावर पट्टा वाढला! ओरड झाल्यावर २०२३ मध्ये निर्णय फिरवावा लागला, पण क्षेत्रफळाची बेरीज किती फसवते ते बघ.

आणि पट्टा टिकला तरी शहर थांबतंच असं नाही. ओटावा पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे कनाटाला वसलं. आता माणसं रोज तो पट्टा ओलांडून कामाला जातात, त्यातून रस्ते जातात. एकेकाळची शहराची वेस आता वस्त्यांच्या मधली जागा झाली. कोपनहेगनने १९४७ मध्ये शहराभोवती गोल कडं आखण्याऐवजी बोटांसारख्या वस्त्या आणि त्यांच्या फटींत हिरवळ अशी रचना केली. मला ती जास्त पटते, अर्थात तिथे दोन्ही बाजूंनी कुरतडायची सोय असते.

एक तिसरा नकाशा तयार कर : मंजूर झालेले पण अजून न बांधलेले रस्ते, जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या. तो तुझ्या हिरव्या नकाशावर ठेव आणि जिथे रेघा पट्ट्यात शिरतात तिथे स्वतः चालून ये. शेतात कोण राबतंय, की कोणीच नाही, तेवढं टिपून आण. मग बसू दोघं.

तुझा,
जुना सहकारी