चेहरा तोच, शेरा वेगळा

प्रश्न : मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. कर्जाची फाइल वाचताना माझ्या कपाळाला आठ्या पडतात, हे खरं. त्यावरून ‘मॅडम भडकू आहेत’ असं कर्मचारी बोलतात आणि यंदा गोपनीय अहवालातही ‘स्वभाव तापट’ असा शेरा आलाय. आधीचे साहेब तर फाइली भिरकवायचे. ‘त्यांना वसुलीचं टेन्शन आहे’ म्हणून सगळे सांभाळून घ्यायचे. मी चेहरा हसरा ठेवायची सवय लावून घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको. मार्चअखेरीला थकबाकीचा तक्ता बघून हसणाऱ्या शाखाधिकाऱ्याची मला तरी धास्तीच वाटेल.

तुमचं आणि साहेबांचं जे झालं, तेच लिसा फेल्डमन बॅरेट आणि एलिझा ब्लिस-मोरो या मानसशास्त्रज्ञांना २००९ साली अमेरिकेत दिसलं होतं. त्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले, दुःखी चेहरे दाखवले. सोबत त्यामागचं कारणही दिलं. मग झटपट ठरवायचं : या व्यक्तीचा स्वभावच असा, की आजचा दिवस वाईट? बाईच्या बाबतीत लोकांचा कल स्वभावाकडे, पुरुषाच्या बाबतीत परिस्थितीकडे. कारण वाचूनसुद्धा!

याहून जुना प्रयोग काँड्री दांपत्याचा, १९७६ मधला. नऊ महिन्यांच्या बाळासमोर डब्यातून टुणकन बाहुला उसळतो आणि बाळ रडतं. चित्रफीत एकच. ‘मुलगा आहे’ म्हटलं तर बघणाऱ्यांना राग दिसला, ‘मुलगी’ म्हटल्यावर भीती. मी कॉलेजात हे शिकवायचे तेव्हा मुलं म्हणायची, ‘आपल्याकडे असं नसतं, मॅडम.’ मुली एकमेकींकडे बघून हसायच्या.

तेव्हा आठ्यांवर मेहनत घेऊ नका. व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांच्या २००८ मधल्या अभ्यासात रागावलेल्या बाईला रागावलेल्या पुरुषापेक्षा कमी मान मिळाला, पण रागाचं बाहेरचं कारण तिनं स्वतः सांगितलं तेव्हा तो फरक उरला नाही. म्हणून मोठ्यानं म्हणा, ‘जामीनदाराची सहीच नाही, म्हणून वैतागलेय.’ साहेबांना हे कधी बोलून दाखवावं लागलं नाही, ते मलाही खुपतं. तरी सध्या करून बघा.

शेऱ्याबाबत मात्र गप्प बसू नका. लेखी विचारा : कधी, कोणाशी, काय वागले? प्रसंग दाखवता येत नसेल तर शेरा काढावा, अशी विनंती त्याच पत्रात करा आणि पोच घ्या. प्रसंग निघालेच, तर ते घेऊन मला पुन्हा लिहा.