हायपणाची राखण

एका वाचकाचा प्रश्न आहे: आर्मेनियन लोक परदेशात आपली भाषा आणि चालीरीती टिकवतात, त्याला ते 'हायापाहपानुम' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'सांस्कृतिक ओळखीचे जतन व संवर्धन' लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. 'जतन व संवर्धन' ही जोडी ऐकली की माझं डोकं उठतं. किल्ला असो, गवताळ माळ असो की बोलीभाषा, सगळ्यांवर एकच शिक्का. जतन म्हणजे मुळात 'यत्न'. आमची आजी बियाण्याचं जतन करायची म्हणजे ते राखेत घोळवून कणगीत भरायची, तोंड शेणामातीनं लिंपायची आणि लिंपण कुठं तडकलं नाही ना, हे येता-जाता बघायची. आता जतन म्हणजे वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची आणि कुलूप घालायचं.

'हाय' म्हणजे आर्मेनियन माणूस. 'आर्मेनियन' हे नाव इतरांनी दिलेलं. ते स्वतःला हाय आणि देशाला हायास्तान म्हणतात. 'स्तान' सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडू. खरी मौज 'पाहपानुम'मध्ये आहे. 'पाह' म्हणजे पहारा, राखण. त्याच घरातला 'पाह्क' म्हणजे उपास. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासकाळाचं नावच 'मेत्स पाह्क'. आपणही उपास 'पाळतो', शब्द 'पाळतो' आणि गायही 'पाळतो', तसंच हे.

आणि 'पान'! हा प्रत्यय आर्मेनियननं जुन्या इराणी भाषांतून उचलला. अर्थ: राखणारा. बाग राखणारा तो 'पार्तिझपान', दार राखणारा तो 'दर्नापान'. फारसीत त्याचाच 'बान' झाला आणि बागबान, दरबान होऊन आपल्याकडे आला. आपले बागवान आणि दरवान ते हेच. बागवानातला 'वान' आणि धनवानातला 'वान' एकच, असं सांगणारे विद्वान मला आजही भेटतात. बागवान म्हणजे म्हणे 'बाग असलेला'! अहो, बाग असलेला तो मालक. बागवान ती राखतो. आणि गाडीवानाच्या मालकीची गाडी किती जणांनी पाहिली आहे? हा प्रत्यय संस्कृत 'पा' म्हणजे रक्षण करणे, या धातूचा इराणी भाऊ आहे. गोप, नृप, भूप त्यातलेच. पाणिनीय परंपरा 'पालयति' हे रूपही त्याच 'पा'चं मानते, म्हणजे आपलं 'पाळणं' त्याच गोतावळ्यात आलं.

याहून गोड गोष्ट पुढे आहे. पश्चिम आर्मेनियन बोलीत 'प'चा उच्चार 'ब' होतो. म्हणून बैरूतमधला आर्मेनियन 'हायाबाहबानुम' म्हणतो आणि माळ्याला 'बार्दिझबान'. १९१५च्या, ओटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या तोंडी जुना 'पान' असा पुन्हा 'बान' होऊन बसला आहे! (गोव्यातला बार्देश मात्र यात ओढू नका. तो बारा देशांचा, याचा बागेशी संबंध नाही.) हीच पश्चिम आर्मेनियन युनेस्कोनं २०१० साली धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत घातली. घरात आजी बोलते आणि नातू फ्रेंचमध्ये उत्तर देतो, इथं पहारा मोडतो.

कोलकात्याचे आर्मेनियन बहुतेक इराणमधल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या कुळातले, त्यांची बोली पूर्वेकडची, म्हणून त्यांच्याकडे 'प' टिकून आहे. बडाबाजारातलं त्यांचं चर्च १७२४चं. आर्मेनियन कॉलेज १८२१चं. कोलकात्यातली आर्मेनियन वस्ती विरळ झाल्यावर तिथं आर्मेनिया आणि इराणमधून मुलं येऊन शिकू लागली, म्हणून वर्गात आर्मेनियन अक्षरं गिरवली जात राहिली. नाताळ तिथं ६ जानेवारीला असतो. मद्रासमध्ये तर १७९४ साली एका पाद्र्यानं 'अझ्दारार' छापलं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ते, आणि तेही मायदेशात नव्हे, आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर! मुंबईत फोर्टमध्येही १७९६चं आर्मेनियन चर्च आहे. किती मुंबईकर त्याच्यासमोरून रोज जातात आणि मान वर करत नाहीत. लिपी हा त्यांचा जीव. पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्सनं ती घडवली, आणि बायबल व इतर ग्रंथ आर्मेनियनमध्ये आणणाऱ्या अनुवादकांचा सण चर्च दरवर्षी पाळतं. अनुवादकांना संत मानणाऱ्यांच्या शब्दाचा अनुवाद आपण शासकीय परिपत्रकातून उचलायचा?

तर प्रतिशब्द. मी 'राखण' म्हणेन. शेताची राखण असते, कोकण-गोव्यात गावाचा राखणदार असतो, आणि आर्मेनियनमध्ये राखणदाराला 'पाहापान'च म्हणतात. 'हायपणाची राखण' लिहा. 'हाय' वाचकाला परका वाटेल असं वाटत असेल तर 'आर्मेनियनपण राखणं' लिहा. 'संवर्धन' मात्र खोडाच, त्या शब्दात वाढवणं आहे आणि इथं कुणी काही वाढवायला निघालेलं नाही.