डिझेल पंप दुरुस्त करून बसवल्यापासून जुनी टाटा १२१० ट्रक सकाळी पांढरा आणि चढाला काळा धूर सोडते. टायमिंग चुकलंय की इंजिन गेलंय?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: सहा सिलिंडरचं ६९७ मॉडेलचं इंजिन, मायको कंपनीचा इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट (डिझेल दाबणारा छोटा पंप) एका ओळीत असलेला. पंप दुरुस्तीला काढला, परत बसवला, आणि तेव्हापासून सकाळी स्टार्टला त्रास, पांढरा धूर. ऊस भरून चढाला लागलं की काळा धूर, पिकअप नाही, पाणी गरम. पंपवाला म्हणतो इंजिन बसलंय, मिस्त्री म्हणतो पंपच खराब आहे.

पंप काढायच्या आधी यातलं काहीच नव्हतं असं तुम्ही लिहिलंय. मग इंजिन खोलायची घाई अजिबात करू नका. रिंगा आणि लायनर एका रात्रीत झिजत नाहीत. माझा संशय टायमिंगवर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल कोणत्या क्षणी पडतं त्यावर, आणि ते मागे गेलं असणार. डिझेल उशिरा पडलं की पिस्टन खाली निघालेला असतो, दाब उतरत असतो. थंड इंजिनात ते जळतच नाही, धुक्यासारखं सायलेन्सरमधून बाहेर येतं आणि डोळ्यांना झोंबतं. लोडवर ते उशिरा आणि अर्धवट जळतं, म्हणून काळा धूर. ती उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी हेड आणि मॅनिफोल्डमध्ये जाते, म्हणून पाणी तापतं आणि ॲव्हरेज पडतं. आवाजही मऊ, दबका होतो. टायमिंग पुढे असतं तर ऐरणीवर हातोडी पडावी तसा कोरडा ठोका आला असता आणि स्टार्ट करताना इंजिनाने उलटा झटका दिला असता.

तरी पंपाला पाना लावण्याआधी साध्या गोष्टी बघून घ्या. पांढऱ्या धुरासमोर स्वच्छ पुठ्ठा धरा. डिझेलचा वास आणि तेलकट डाग आला तर न जळलेलं डिझेल. वास नाही, नुसता ओलावा, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ, असं असेल तर हेड गॅस्केट बघावी लागेल. एअर फिल्टर काढून तपासा, ऑइल बाथवाला असेल तर तळाचा गाळ धुवा. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ते फिल्टर लाइन कुठे हवा ओढत नाही ना, तेही पाहा. धूर निळा असता तर ऑइल जळतंय एवढंच म्हणालो असतो. तो विषय तुमचा नाही.

मग इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट पान्याने थोडा सैल करा. ज्या सिलिंडरला आवाज पडतो तो काम करतोय. ज्याला आवाजात फरक पडत नाही पण धूर कमी होतो, त्याचं नोझल काढून टेस्टरवर लावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर किंवा गळत्या पाइपवर बोट कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते. नोझल काढलंच तर खालचा तांब्याचा वॉशर बघा. जुना खालीच चिकटलेला आणि वर नवा टाकलेला, असे दोन वॉशर बरेचदा निघतात. नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही, आणि एवढ्यावरूनही गाडी धूर मारते.

सहाही सिलिंडर सारखेच वागले तर दोष सगळ्यांना सामाईक आहे, आणि आता टायमिंग मोजायचं. कानाने नाही, मोजून. गाडी न्यूट्रलला, चाकांना उटी (अडकण) लावलेली. एक नंबर, म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर कॉम्प्रेशनला आणा. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आहे, त्यामुळे त्या वेळी सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलतात आणि एक नंबरचे दोन्ही टॅपेट ढिले असतात. पंपाचा एक नंबरचा होल्डर (जिथे नोझलचा पाइप जोडतात तो) खोलून आतली स्प्रिंग आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढा आणि स्वच्छ डिझेलमध्ये ठेवा. तो व्हॉल्व्ह आणि त्याची सीट ही जोडी आहे, दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल नको. होल्डर परत बसवून त्यावर वाकवलेली छोटी नळी लावा. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) फुल डिलिव्हरीला ओढून धरा, दुसऱ्याने हँड प्रायमर मारत राहावं. इंजिन टायमिंगच्या खुणेच्या बरंच मागे नेऊन मग फक्त चालत्या दिशेने हळू फिरवा, म्हणजे गिअरची ढिलाई निघून जाते. नळीतून आधी धार येते, मग ती बारीक होते, तुटते आणि थेंब पडू लागतात. तिथेच थांबा आणि खुणेवरचे अंश वाचा. ती डिलिव्हरीची सुरुवात. इंजिन नंबरप्रमाणे मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याशी ती जुळली पाहिजे; दुसऱ्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका.

दोन-चार अंशांचा फरक असेल तर पंपाची बॉडी शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवा, टायमिंग पुढे येतं. फरक मोठा असेल तर पंप गिअरचा दात चुकलाय. गिअरला ६० दाते धरले तर एक दात म्हणजे पंपाचे ६ अंश आणि क्रँकचे १२. तो बॉडी सरकवून भरून निघत नाही, पंप उतरवूनच नीट बसवावा लागतो.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. धूर कमी दिसावा म्हणून काही जण डिझेलचा स्टॉप स्क्रू (जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा) आत-बाहेर करतात. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची ६५ हार्ट्रिजची (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे, स्क्रू कमी करून पीयूसी निघेलही, पण टायमिंग मागेच राहील आणि भरलेली गाडी तापतच राहील. उसाच्या हंगामात उलट पंपातून जाणारं डिझेल वाढवून घेतात, त्याने पिस्टन जळतात.

मोजून आकडा बरोबर आला आणि धूर तसाच राहिला, तर पंप परत टेस्ट बेंचवर न्या. सहा एलिमेंटची सुरुवात एकमेकांपासून ६० अंशांवर आहे का आणि प्रत्येकाची डिलिव्हरी किती, हे समोर उभं राहून बघा आणि कागदावर लिहून घ्या. ॲडव्हान्स युनिटच्या (वेग वाढला की टायमिंग पुढे आणणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगाही तपासून घ्या. या सगळ्यातून पंप पास झाला, तरच कॉम्प्रेशन तपासा.