'सोयरीं' की 'सोयरे'?

प्रश्न : वन्यजीव सप्ताहासाठी शाळेत फलक रंगवतोय. तुकोबांच्या ओळीत 'सोयरी वनचरे' बरोबर की 'सोयरे वनचरे'? दोन्ही वाचनात येतं.

उत्तर : गाथेत 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' असं आहे आणि व्याकरणही तेच सांगतं. वृक्ष पुल्लिंगी, वल्ली स्त्रीलिंगी, वनचरें नपुंसकलिंगी. अशी सरमिसळ झाली की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचनाकडे वळते. 'नवराबायको दोघं आली' म्हणतो ना, तसं. अनुस्वार गेल्यावर 'सोयरी' हा शब्द एकाच बाईबद्दलचा वाटू लागतो, म्हणून 'सोयरे' रूढ झालं असावं. केशवसुतपूर्व पद्य मुळाप्रमाणेच छापावं असं लेखननियमांतच आहे, तेव्हा अनुस्वार खुशाल द्या.

एक विनंती. 'वनचरें' गाळू नका. वृक्षारोपणाच्या फलकांवर ओळ बऱ्याचदा 'सोयरीं'पाशीच तोडतात. रोपाशी नातं जोडणं सोपं असतं. वनचरें म्हणजे रानात हिंडणारं सगळं : ससा, मुंगूस, रानडुक्कर, बिबट्यासुद्धा. भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर एकांतात बसणाऱ्या तुकोबांना ही मंडळी शेजारची होती.

शिवाय सगा रक्ताचा, सोयरा सोयरिकीतून आलेला. सोयरीक जुळवावी लागते, मग निभवावी लागते. तिच्यात मानपान आले, रुसवेफुगवे आले. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, अंगणातलं कुत्रं उचलते, कधी माणसाचाही जीव जातो. अशा गावात 'वन्यप्राणी आपले मित्र' ही घोषणा कोण मनावर घेईल, आणि का घ्यावी? सोयऱ्याशी कसं वागायचं हे मात्र गावाला ठाऊक असतं : मान द्यायचा, अंतर राखायचं, तंटा झाला तरी नातं तोडायचं नाही. संवर्धनात कवितेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. पिंजरे, भरपाई, गस्त ही कामं वनखात्यानं करायचीच आहेत. पण लोकांशी बोलणं कुठून सुरू करायचं, ते कीर्तनातून कानावर पडलेल्या या ओळीत आहे.

जागा उरली तर पुढचा चरणही लिहा : 'पक्षी ही सुस्वरें आळविती'. आळवणं म्हणजे देवाला आर्जवानं, सुरात हाक मारणं. पाखरं इथे तुकोबांसोबत भजनाला बसली आहेत. 'सुस्वरें'वरचा अनुस्वार तृतीयेचा आहे, 'गोड स्वरानं' असा अर्थ देणारा. तोही राहू द्या.