शिशाचं सोल्डर बॉयलरला लावू नका, मी लावून बसलोय

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. सासऱ्यांच्या रेल्वेतल्या मित्राने घरी बनवलेलं वाफेचं इंजिन, पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेलं. पाणी भरलं की फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरच्या आगीच्या पेटीच्या, आत नळ्यांच्या तोंडाशी थेंब जमतात. आणि एका रेडिएटरवाल्याने सांगितलंय, "आणा, तासाभरात सोल्डर मारून देतो." देऊ का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जुना रंग खरवडून नवा द्यावा का, हेही.

रेडिएटरवाल्याकडे देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. 2012 साली माझ्याकडे अगदी असंच इंजिन होतं, अशीच गळती होती आणि मी "हो" म्हणालो होतो.

माझं इंजिन बायकोच्या मामांनी केलेलं. मामा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे 1897 ला सुरू झाली, गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फुटांचं, पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, आठ जोडचाकांची. मामांनी केलेलं इंजिन त्यांची नक्कल नाही. चारच चाकं, साडेतीन इंच गेज. पण बाजूच्या टाक्यांची ठेवण आणि चिमणीचा तोंडवळा बघितला की बार्शीची गाडीच आठवते. ड्यूटी संपल्यावर रात्री, पायाने चालवायच्या लेथवर, किती वर्षं लागली ते घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. मामा गेल्यावर मामींनी ते माझ्या हवाली केलं, कारण मी मिलमध्ये मेंटेनन्सला होतो आणि "यालाच यातलं कळतं" असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

तुमच्यासारखेच थेंब. मी बॉयलर सुटा केला आणि रेडिएटरवाल्याकडे नेला. माणूस कामाला प्रामाणिक होता, हे आधी सांगतो. त्याने नळ्यांची तोंडं तारेच्या ब्रशने लख्ख केली, तेजाब लावलं, आणि सोल्डर असं काही पळवलं की प्रत्येक नळीभोवती चंदेरी कडं उभं राहिलं. मी खूश होऊन घरी आलो. थंड पाण्याच्या टेस्टला एक थेंब नाही. चार वेळा आग केली, काही झालं नाही.

पाचव्या वेळी, घरामागच्या अंगणात, दाबाचा काटा 70 पाउंडावर (दर चौरस इंचाला) होता. पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खालच्या नटाच्या मागे जाऊन दिसेनासं झालंय हे माझ्या दोन-तीन मिनिटं उशिरा लक्षात आलं. फायरबॉक्समधून फस्स आवाज आला, दारातून पांढरी वाफ आणि राख बाहेर फेकली गेली, आग जागच्या जागी विझली. माझा भाचा इंजिनापासून दोन हातांवर उभा होता. त्याच्या पायावर राख पडली, पण त्याला इजा झाली नाही. त्या दिवसाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

कारण समजून घ्या. 80 पाउंड दाबाला बॉयलरमधलं पाणी साधारण 162 अंशांवर असतं. साधं 60-40 कथील-शिशाचं सोल्डर 183 ला मऊ व्हायला लागतं आणि 190 च्या आसपास पूर्ण वितळतं. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही मधे वीस-तीस अंशांचंच अंतर, आणि त्या तापमानाला सोल्डरची ताकद फारशी उरलेलीच नसते. वर पाणी कमी झालं किंवा आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आतून बसला, की आगीकडचा पत्रा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. रेडिएटरला हे सोल्डर चालतं, कारण त्यात 100 अंशांच्या आसपासचंच पाणी असतं आणि बाहेरून वारा लागतो, ज्वाळा नाही.

पण खरं नुकसान हे नव्हे. बॉयलर फुटला नव्हता, सोल्डर गळून गेलं होतं एवढंच. मी म्हटलं, ठीक, आता चांदीच्या काडीने, म्हणजे चांदी मिसळलेल्या, लाल उष्णतेला वितळणाऱ्या सांधकाडीने, नीट करून घेऊ. अशा सांध्याचं, म्हणजे ब्रेझिंगचं, काम जाणणारा एक मित्र होता. त्याने सोल्डर तापवून पुसलं, घासलं, टाकणखार लावला आणि बॉयलर लाल केला. चांदी पसरेचना. तिचे गोळे व्हायला लागले, आणि जिथे धरली तिथे सांधा करडा, ठिसूळ, बिस्किटासारखा. चाकूच्या टोकाने खरवडला तर भुगा. शिसं एकदा तांब्याच्या सांध्यात शिरलं की कितीही पुसा, थोडं राहतंच, आणि पुढच्या उष्णतेला ते चांदीत मिसळून सांधा नासवतं. दोन नळ्यांच्या तोंडाशी तर तांबंच खाल्ल्यासारखं झालं. मित्राने बत्ती बंद केली आणि म्हणाला, "हे आता होणार नाही."

तासाभराच्या कामाने मामांचा बॉयलर कायमचा गेला. त्या बॉयलरच्या प्लेटांच्या वळवलेल्या कडांवर हातोडीचे ठसे आहेत, एकसारखे, नखाएवढे, एकाला एक चिकटून. लाकडी ठोकळ्यावर तांबं वळवताना ते कडक होत जातं, मग लाल करून पाण्यात बुडवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा लाल करायचं. एका प्लेटला असं कितीदा केलं असेल. तो बॉयलर मी मोडीत दिलेला नाही, माझ्या टेबलासमोर फळीवर आहे. नवा करायला 2014 उजाडलं आणि तांबं, चांदी, गॅस धरून 34,000 रुपये गेले. नवा चांगला चालतो, पण तो मामांचा नाही.

म्हणून तुमचा दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला. नळ्यांभोवतीची कडा मला पिवळट-पांढरी दिसते, करडी नाही. फोटोवरून छातीठोक सांगत नाही. चाकूचं टोक हळूच ओढून बघा: नख रुतेल इतकं मऊ, ओरखड्यात शिशासारखं चमकलं तर सोल्डर, चाकू घसरला आणि रंग पितळेकडे झुकणारा दिसला तर चांदी. चांदी असेल तर तुमचा बॉयलर वाचण्यासारखा आहे, आणि म्हणूनच हे सगळं लिहीत बसलोय.

दुरुस्ती 55 टक्के चांदीच्या काडीनेच, ती 630 ते 660 अंशांत वितळते. फ्रिज-एसीवाल्यांकडची स्वस्त काडी घेऊ नका. तिच्यात तांब्याबरोबर फॉस्फरस असतो आणि कोळशाच्या धुरातलं गंधक तो सांधा पोखरतं. एसीच्या पाइपला ती उत्तम, आगीच्या पेटीला नाही. आणि जुन्या काळच्या चांदीच्या काड्यांमध्ये पुष्कळदा कॅडमियम असायचं, त्याचा धूर विषारी. तापवायचं काम उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊन. बंद खोलीत अजिबात नाही.

त्याआधी पाण्याची टेस्ट. सगळी तोंडं बंद करून बॉयलर काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, आणि हातपंपाने दाब चढवायचा. जुन्या बॉयलरला चालू दाबाच्या दीडपट, नव्याला दुप्पट, असा या छंदातला रिवाज. कंप्रेसरची हवा कधीही भरू नका, कोणी कितीही "पटकन होतं" म्हटलं तरी. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर पिचकारी उडते आणि दाब संपतो. दाबलेली हवा पत्र्याचे तुकडे घेऊन सुटते. टेस्टच्या आधी फायरबॉक्सच्या सपाट बाजूवर स्टीलची पट्टी आडवी धरून बघा, नंतर पुन्हा बघा. दोन स्टेच्या (पत्रे धरून ठेवणाऱ्या आडव्या खुंट्यांच्या) मधे फुगवटा आला आणि तसाच राहिला, तर त्या बॉयलरला आग दाखवायची नाही.

मी बॉयलरचा तज्ज्ञ नाही. मिलमध्ये लूम आणि शाफ्ट सांभाळले, बॉयलर हाउस वेगळं असायचं. मी सांगतो ते स्वतःच्या हातून झालेलं आणि नंतर जाणकारांना विचारून पक्कं केलेलं, एवढ्याच अर्थाने घ्या.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या एखाद्या शाळेत इंजिन चालवायला बोलावतील तेव्हा विषय निघेल. माझ्याकडे एका शाळेने सर्टिफिकेट मागितलं, रास्तच होतं. मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब नाहीत. दुसऱ्या खेपेला "कारखान्याचा नोंदणी क्रमांक लिहा", आणि माझं घर म्हणजे काही कारखाना नव्हे. तिसऱ्या खेपेला मी बॉयलर पिशवीत घालून नेला आणि टेबलावर ठेवला, पावणेदोन लिटरचा. कोणी हात लावून पाहिला नाही. चौथ्या खेपेला सांगितलं की एवढं लहान आमच्याकडे येत नाही. हे बरोबरच होतं: 1923 च्या बॉयलर कायद्यात 2007 ला जी दुरुस्ती झाली, तिच्यात 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं व्याख्येतूनच वगळलं होतं. मग मी म्हटलं, एवढंच एका ओळीत लिहून द्या. ते मात्र शेवटपर्यंत कोणी दिलं नाही. शाळेतल्या मुलांनी त्या वर्षी इंजिन पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. 2025 मध्ये नवा बॉयलर कायदा आलाय, तेव्हा तुम्ही आजचा नियम स्वतः वाचून घ्या. कायद्यातून सुटका म्हणजे धोक्यातून सुटका नव्हे. टेस्टची तारीख, दाब, किती मिनिटं धरला, हे वहीत लिहा आणि एका साक्षीदाराची सही घ्या. मी तसंच करतो.

आता आट्यांचं. रेल्वेच्या जुन्या फिटरने केलेलं इंजिन म्हणजे इंची आटे धरून चाला: व्हिटवर्थ, बीए (हे दोन्ही जुने ब्रिटिश आटे), आणि बॉयलरच्या फिटिंगला बारीक, इंचाला 40 आट्यांचे. 2 बीए म्हणजे 4.7 मिलिमीटर आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.81, आजचा मेट्रिक एम 5 म्हणजे 5 मिलिमीटर आणि 0.8. इतके जवळ, की एम 5 चा स्क्रू पहिला आटा धरतो. तिथे जोर लावला की मूळ आटे मेले. त्यापेक्षा आज संध्याकाळी एक काम करा: सासऱ्यांच्या त्या मित्राच्या घरी फोन करून त्यांची हत्यारांची पेटी अजून आहे का ते विचारा. ज्या टॅपने त्यांनी आटे पाडले ते टॅप तिच्यातच असतील. मामांची पेटी आम्ही पोहोचायच्या आधी भंगारात गेली होती. नंतर एकेक टॅप शोधायला मला वर्ष लागलं.

रंगाबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. खरवडू नका. रॉकेलच्या बोळ्याने पुसत या आणि आधी वाचा. मामांच्या कपलिंग रॉडवर (चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) सेंटर पंचचे ठिपके आहेत, उजवीकडे एक, डावीकडे दोन, आणि तेच ठिपके चाकाच्या क्रँकपिनशेजारी. जोडणी कशी करायची ते त्यांनी असं लिहून ठेवलं होतं. मी एका बाजूचे ठिपके पॉलिश पेपरने जवळजवळ पुसले होते. आतल्या फ्रेमवर पेन्सिलची मापंही सापडली. आणि जुन्या रंगात बरेचदा शिसं असतं, बॉयलरवरच्या पत्र्याखाली दोरी किंवा पांढरा पुठ्ठा निघाला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओला करूनच काढायचा, मास्क लावून, आणि पोरांना लांब ठेवून. चाकं ॲक्सलवरून काढू नका, दोन बाजूंच्या क्रँकमधला 90 अंशांचा कोन पुन्हा जुळवणं घरी फार अवघड.

ग्रंथींना, म्हणजे दांडा सिलिंडरमधून बाहेर येतो तिथे वाफ अडवायला, ग्राफाइटची दोरी मिल स्टोअरच्या दुकानात मिळेल. तेल मात्र गाडीचं नको, स्टीम सिलिंडरचं जाड 460 किंवा 680 ग्रेडचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, कुणा ओळखीच्याकडे लिटरभर मागितलं तर चार वर्षं पुरतं. पाणी नळाचं किंवा बोअरचं भरू नका, गच्चीवरचं पावसाचं गाळून साठवा. आपल्याकडे पाऊस बेताचा, पण दोन कॅन भरतात.

मी जुळे सोलापूरला असतो. टेस्टचा हातपंप आणि 200 पाउंडाचा तपासलेला काटा माझ्याकडे आहे, कुठल्याही रविवारी सकाळी या. बॉयलर फ्रेमवरून सुटा करू नका, मी बघून सांगतो. नळ्यांची तोंडं घासूही नका, आहेत तशी असू द्या. आणि ती हत्यारांची पेटी मिळाली, तर तीही घेऊन या.