‘ट्रोजन सापडला’ असं दिसलं की

ट्रोजन म्हणजे कामाच्या फाइलचं सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्रॅम. तो सापडला म्हणून फॉरमॅट मारायची घाई नको. आधी वायफाय बंद करा आणि विंडोज सिक्युरिटीतली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा. ट्रोजनचं पूर्ण नाव आणि फाइल कुठल्या फोल्डरात होती, हे दोन्ही कागदावर उतरवा. काय झालंय याचं निदान त्यावरच होतं.

नावाच्या शेवटी ‘!एमएल’ (!ml) असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज असतो, क्वचित चुकतोही. पण फाइल फुकट मिळवलेल्या ‘क्रॅक’मधली (म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायच्या जुगाडातली) असेल तर इशारा खराच धरा. ‘अँटिव्हायरस बंद करून चालवा’ असं तिथे उगाच लिहिलेलं नसतं! ब्राउझरच्या कॅशेत (वेबसाइटच्या तात्पुरत्या फाइलींत) सापडली असेल तर बहुधा ती चाललेलीच नसते.

‘रिमूव्ह’ करून मग ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. मशीन लगेच रीस्टार्ट होतं, म्हणून उघडं काम आधी सेव्ह करा. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होत असल्याने ट्रोजनला लपणं अवघड जातं. तरीही तोच इशारा पुन्हा आला तर टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि स्टार्टअपची (विंडोजबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी बघा. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सला दिलेला पेनड्राइव्हही स्कॅन करा; त्यातल्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर उघडू नका.

फाइल चालवली गेली असेल तर पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या कॉम्प्युटरवरून नाही. शिवाय ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा; कुकी म्हणजे ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण, ती चोरली गेली तर पासवर्ड लागतच नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन राहू दे, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.